बटाट्याचे वेफर्स: गिऱ्हाइकांनी आम्हाला नेहमी विचारलेले प्रश्न

पंचवटीत घरामागच्या पडवीत आम्ही गेली सतरा वर्षं बटाट्याचे वेफर्स तळतो. गिऱ्हाईक पिशवी हातात घेतं आणि सुटे पैसे मोजता मोजता एखादा प्रश्न विचारतंच. कढईपाशी उभं राहून त्याचं नीट उत्तर देता येत नाही, कारण घाणा करपतो. म्हणून ही उत्तरं सावकाश बसून लिहिली आहेत. वेफर्स विकणं हेच आमचं पोट आहे, तरीही जे आहे ते तसंच लिहिलंय. इथे येणारी निम्मी माणसं माझ्या सासूबाईंच्या ओळखीची, त्यांच्याशी खोटं कसं बोलायचं?

वेफर्स म्हणायचं की चिप्स?

आपल्याकडे वेफर्स. पुडीवर चिप्स लिहिलेलं असलं तरी वस्तू तीच: बटाट्याची पातळ चकती, तेलात तळलेली, वर मीठ. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवतात तेही वेफर्सच, पण त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती पुढे येईल.

शंभर ग्रॅम वेफर्समध्ये असतं तरी काय?

साधारण ५५० कॅलरी. त्यात तेल ३५ ग्रॅमच्या आसपास, पिष्टमय पदार्थ ५० ते ५३ ग्रॅम, प्रथिनं ६ ते ७ ग्रॅम, थोडा चोथा आणि दोनेक टक्के पाणी. मीठ दीड ग्रॅमपर्यंत. मी किलोला १५ ग्रॅम टाकते, तेही काट्यावर मोजून.

घरच्या भाषेत सांगायचं तर शंभर ग्रॅम वेफर्स म्हणजे मध्यम आकाराच्या पाच पोळ्यांएवढी ऊर्जा. पाच पोळ्या खाल्ल्या की माणूस ताटावरून उठतो. शंभर ग्रॅम वेफर्स संपवून माणूस विचारतो, जेवायला काय आहे?

कच्च्या बटाट्यात मात्र शंभर ग्रॅमला पाऊणशे ते ऐंशी कॅलरी, स्निग्धांश जवळपास शून्य आणि पाणी पाऊण हिश्श्याहून जास्त. बटाट्याला उगाच बदनाम करतात याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यात क जीवनसत्त्व आहे, पोटॅशियम भरपूर आहे, सालीसकट उकडला तर चोथाही मिळतो. तळल्यावर पोटॅशियम बऱ्यापैकी टिकतं. क जीवनसत्त्व मात्र धुण्यात आणि तळण्यात बरंचसं जातं.

बटाट्यात तेल नसतं, मग वेफर्समध्ये एवढं येतं कुठून?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर कढईत डोळ्यांनी दिसतं.

एक किलो बटाटा घ्या. सोलून, चकत्या करून, धुऊन तळलात की हातात साधारण अडीचशे ग्रॅम वेफर्स येतात. बाकीचं बटाट्यातलं पाणी होतं, ते वाफ होऊन उडालं. तेल १७० ते १८० अंशांवर असताना चकती आत सोडली की चर्रर्र आवाज होऊन कढई फेसाळते. तो फेस तेलाचा नसतो, चकतीतून बाहेर पडणाऱ्या वाफेचे ते बुडबुडे असतात. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. हळूहळू फेस बसतो, आवाज बारीक होतो आणि चकत्या एकमेकींवर आपटून खडखड वाजायला लागतात. तेव्हा झारा घालायचा. माझ्या सासूबाई त्या वेळी कढईकडे बघतसुद्धा नाहीत, पाठमोऱ्या बसून कानाने ओळखतात आणि म्हणतात, "काढ गं, बोलायला लागले."

खरी गंमत त्यानंतर होते. वेफर तेलातून बाहेर आला की गार होऊ लागतो, आतली वाफ आकसते आणि पाण्याने रिकाम्या केलेल्या बारीक बारीक छिद्रांमध्ये बाहेर चिकटलेलं तेल ओढलं जातं. वेफरमधलं बरंचसं तेल असं तळून झाल्यावर आत जातं. म्हणून झाऱ्यात काढल्या काढल्या, गरम असतानाच, कढईवर चांगला झटकायचा आणि मग जाळीवर निथळायचा. लगेच परातीत ढीग केला की खालचे वेफर्स वरच्यांचं तेल पितात. झाऱ्याचे चार जास्तीचे झटके कुठल्याही 'लो फॅट' लेबलापेक्षा मला जास्त भरवशाचे वाटतात.

चकती जितकी पातळ, तितका तिचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त आणि तितकं तेलही जास्त. आम्ही सव्वा ते दीड मिलिमीटर ठेवतो. कागदासारखे पातळ वेफर्स दिसायला सुंदर असतात, पण सगळ्यात जास्त तेल तेच पितात.

आता हिशोब करा. शंभर ग्रॅम वेफर्समधल्या ५५० कॅलरींपैकी बटाट्याच्या वाट्याला अडीचशेच्या आतबाहेर येतात. उरलेल्या तीनशेच्या वर तेलाच्या. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी आणि एका ग्रॅम पिष्टात ४, हा त्यातला फरक.

उपवासाला वेफर्स चालतात ना?

चालतात. शेंगदाणा तेल आणि सैंधव वापरून आम्ही उपवासाचा वेगळा घाणा काढतो, त्यासाठी कढईही वेगळी आहे. तिखट चालतं की नाही, हे घरोघरी वेगळं असतं, त्यामुळे ते तुमच्या घरी विचारा.

पण 'चालतात' या शब्दाचे आपण दोन अर्थ एकत्र केले आहेत. व्रताला चालतात म्हणजे तब्येतीला चालतात, असं होत नाही. आमचा धंदा सगळ्यात जास्त कधी होतो सांगू? आषाढी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि नवरात्र. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली पोरं आदल्या रात्री येऊन पिशव्या भरून नेतात. त्यांची मला काळजी नाही, ती रात्रभर डोंगराभोवती चालणार आहेत. काळजी वाटते ती घरात बसून उपवास करणाऱ्यांची.

आमच्या सासऱ्यांचंच सांगते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे नऊ दिवस धरून वर्षाचे पन्नासेक उपवास. त्यांना रक्तदाब आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा अण्णांनी लोणचं सोडलं, पापड सोडला, आमटीतलं मीठ कमी करायला लावलं. आणि एकादशीला सकाळी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर मूठभर वेफर्स, दुपारी चहाबरोबर मूठभर, संध्याकाळी टीव्हीसमोर मूठभर. एकदा मी त्यांच्या नकळत पिशवी सकाळी आणि रात्री काट्यावर ठेवली. एकशे दहा ग्रॅम गेले होते. म्हणजे जवळपास ४० ग्रॅम तेल आणि दीड ग्रॅमहून जास्त मीठ, जेवण म्हणून काहीही न मोजता. दिवसभराचं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपवासाला शंभर ग्रॅम आणि असे पन्नास उपवास धरले तर वर्षाला पाच किलो वेफर्स होतात, त्यात पावणेदोन किलो तेल. हे आकडे मी त्यांच्यासमोर पाटीवर लिहून दाखवले. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उपवास म्हणजे सुट्टी नव्हे, हे मला माझ्या आईनं सांगितलं होतं. मी विसरलो."

आता एकादशीला आमच्याकडे भगर आणि दाण्याची आमटी असते, बरोबर काकडीची कोशिंबीर, ताक, उकडलेलं रताळं. महाशिवरात्रीला आपल्या नाशिकची द्राक्षं ऐन हंगामात असतात, ती वाडगाभर. आणि अण्णांसाठी एका छोट्या वाटीत मोजून वीस ग्रॅम वेफर्स. तेवढे ते अगदी चवीनं, एक एक करून खातात.

एक खाल्ला की हात थांबत का नाही?

यात तुमच्या मनाचा दुबळेपणा शोधू नका. पदार्थच तसा आहे.

पहिलं कारण आवाज. २००४ साली ऑक्सफर्डमध्ये झाम्पिनी आणि स्पेन्स या संशोधकांनी लोकांना हेडफोन लावून चिप्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज कमीजास्त करून त्यांना ऐकवला. आवाज मोठा केला, विशेषतः त्यातला बारीक, तीक्ष्ण सूर वाढवला, की तेच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. कुरकुरीतपणा आपण दातांनी जितका अनुभवतो तितकाच कानांनीही. सासूबाईंना हे कुणी सांगायला नको होतं.

दुसरं, तेल आणि पिष्ट यांची जोडी. २०१५ साली जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. साधारण ३५ टक्के स्निग्धांश आणि ४५ टक्के कर्बोदकं असलेलं मिश्रण उंदरांनी सगळ्यात जास्त खाल्लं. वरचे वेफर्सचे आकडे पुन्हा बघा, फार लांब नाहीत. निसर्गात दूध सोडलं तर ही दोन्ही एकत्र, एवढ्या प्रमाणात क्वचितच सापडतात.

तिसरं, मीठ वेफरच्या बाहेरच्या बाजूला असतं. जिभेला ते आधी भेटतं, त्यामुळे थोडं असूनही चव ठसठशीत लागते. आणि चौथं, वेफर तोंडात चटकन विरघळतो. चावायला वेळ लागत नाही, पोटात पाणी नाही, आकार नाही, मग पोट भरल्याचा निरोप उशिरा पोचतो.

यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला: पिशवी समोर ठेवायची नाही. वाटीत काढायचे, पिशवीचं तोंड बांधून डबा कपाटात ठेवायचा आणि मगच बसायचं.

कधी कधी वेफर्स लालसर, काळपट होतात. ते खाल्ले तर धोका आहे का?

काळपट असतील तर बाजूला काढा. कारण समजून घ्या, म्हणजे भीतीही वाटणार नाही आणि दुर्लक्षही होणार नाही.

तीन वर्षांपूर्वी नवरात्राच्या तोंडावर एका व्यापाऱ्याकडून आम्ही आठ कट्टे बटाटा घेतला. दिसायला देखणा, टणक, एकही मोड नाही. पहिलाच घाणा तांबडा आला. वाटलं, आच जास्त झाली. आच कमी केली, तर दुसरा घाणा तांबडा आणि वर मऊ. चाखून पाहिला तर गोडसर, शेवटी कडू. सगळा बटाटा शीतगृहातून थेट आलेला होता, आणि हे आम्हाला सांगितलं गेलं नव्हतं. दोन दिवस आम्ही चकत्या गरम पाण्यातून काढून बघितल्या, तरी रंग सुधारला नाही. शेवटी तो बटाटा वडापाववाल्यांना स्वस्तात दिला. नवरात्राची कमाई त्यात गेली.

झालं असं की बटाटा दोन ते चार अंशांच्या थंडीत राहिला की त्यातला पिष्टाचा काही भाग साखरेत बदलतो. ही साखर आणि बटाट्यातलं अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल १२० अंशांच्या वर एकत्र आली की रंग येतो, खमंगपणा येतो आणि सोबत अ‍ॅक्रिलामाइड नावाचा पदार्थही तयार होतो. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत तो असतो हे २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्याआधीच, १९९४ मध्ये, कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं होतं. हा निष्कर्ष मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आला आहे. माणसांच्या खाण्यातून नेमका किती धोका, याचं चित्र अजून स्पष्ट नाही. युरोपात २०१७ च्या नियमांनी बटाटा चिप्ससाठी किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम ही पातळी ठरवून दिली आहे.

घरी करायचं ते सोपं आहे. वेफर्ससाठी आणलेला बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका. चकत्या पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा, पाणी पांढुरकं झालं की बदला, मग सुती कापडावर कोरड्या करा. वरचं पिष्ट आणि साखर त्या पाण्यातच निघून जाते. आणि तळताना फिकट सोनेरी रंगावर थांबा.

वेफर्ससाठी कोणता बटाटा घ्यायचा?

ज्यात पाणी कमी आणि साखर कमी तो. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने खास यासाठी कुफरी चिप्सोना ही जात काढली, आणि तिच्या पुढच्या आवृत्त्याही आल्या. तिच्यात कोरडा भाग २० टक्क्यांच्या वर असतो. पाणी कमी म्हणजे उडवायचं कमी, म्हणजे तेलही कमी. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर वेफर्ससाठीचा बटाटा मोठ्या प्रमाणात होतो. नाशिकच्या बाजारात इंदूर-आग्र्याकडचा माल जास्त दिसतो, त्यात 'वेफर्सचा बटाटा द्या' असं स्पष्ट सांगून घ्या आणि शीतगृहातला आहे का ते विचारा. नुसता चांगला बटाटा द्या म्हटलं तर भाजीचा मिळतो.

हिरवट डाग असलेला बटाटा घेऊच नका. त्यातलं सोलानिन तळूनही जात नाही.

तेल कोणतं वापरता? पुन्हा पुन्हा तेच वापरता का?

आम्ही शेंगदाणा वापरतो. बाजारातल्या बऱ्याच पुड्यांवर पामोलिन लिहिलेलं असतं. ते स्वस्त असतं आणि जास्त टिकतं, पण त्यात संपृक्त स्निग्धांश ४० टक्क्यांच्या वर असतो. शेंगदाण्यात साधारण १७ ते २०, सूर्यफुलात ११ च्या आसपास. पण कॅलरी सगळ्या तेलांत सारख्याच, हे विसरू नका.

वापरलेल्या तेलाबद्दल कायदा आहे. तेल तापून तापून बिघडतं तेव्हा त्यात जे घटक साठतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०१८ च्या जुलैपासून आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण तेल दाट झालं, काळवंडलं, तळणीआधीच धूर सोडू लागलं किंवा फेस बसेनासा झाला की त्याचं काम संपलं. त्यात नवीन तेल ओतून ते सुधारत नाही, उलट नवीनही लवकर बिघडतं. घरच्या एका तळणीतलं तेल गाळून ठेवा आणि दोन-चार दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा.

मधुमेह असेल तर?

उकडलेल्या बटाट्यापेक्षा वेफर्सने साखर हळू वाढते, हे खरं आहे. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचा आकडा, उकडलेल्या बटाट्याचा ७८ च्या आसपास, वेफर्सचा ५६ च्या. तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं म्हणून. पण हे ऐकून एका काकूंनी बटाट्याची भाजी सोडून वेफर्स धरले, तेव्हा मला फार वाईट वाटलं. साखर हळू चढली तरी तेवढं सगळं तेल आणि त्याच्या कॅलरी आत गेल्याच, आणि वाढलेलं वजन मधुमेहाला नडतंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियम आणि मीठ या दोन्हींसाठी आधी डॉक्टरांना विचारा. आम्ही अशा गिऱ्हाइकाला आपणहून पुडी देत नाही.

मुलांना डब्यात देऊ का?

रोज नको. जास्त मीठ, साखर आणि तेलाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. मग तेच आपण डब्यात घालून पाठवायचं? शनिवारी घरी, वरणभाताबरोबर चार वेफर्स द्या. वरणभाताबरोबरचा वेफर हे आमच्या मुलीचं सगळ्यात आवडतं जेवण आहे आणि त्यात ती भातही पोटभर जेवते.

वाळवणाचे वेफर्स जास्त चांगले का?

चवीला माझं मत विचाराल तर हो. एप्रिलमध्ये नाशिकचं ऊन चाळिशीला टेकतं, हवा कोरडी असते, आणि गच्चीवर पसरलेल्या चकत्या दोन दिवसांत काचेसारख्या होतात. तुरटीच्या पाण्यात उकळी काढून वाळवल्यामुळे रंग पांढरा राहतो. कढईत ते काही सेकंदांतच तळून निघतात. तेल मात्र तेही पितात, त्यामुळे 'घरचे आहेत' म्हणून ताटभर घेऊ नका.

एअर फ्रायरमध्ये केले तर?

तेल खूप कमी लागतं, हे नक्की. चकत्यांना चमचाभर तेल चोळा, थोड्या थोड्या लावा, मधे हलवा. तळलेल्याची सर येत नाही, पण रक्तदाबवाल्या माणसाला मीठ हातात ठेवून काहीतरी कुरकुरीत देता येतं. जास्त वेळ ठेवून तांबडे करू नका, अ‍ॅक्रिलामाइड तिथेही होतंच.

वेफर्सचा शोध कुणी लावला?

१८५३ साली अमेरिकेत साराटोगा स्प्रिंग्ज इथे जॉर्ज क्रम नावाच्या आचाऱ्याने एका खोडसाळ गिऱ्हाइकाला चिडून बटाटा अगदी पातळ कापून तळला, अशी दंतकथा आहे. पण १८१७ च्या एका इंग्रजी पाकपुस्तकात तळलेल्या बटाट्याच्या पातळ कापांची कृती आधीच छापलेली आहे. आपल्याकडे बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, शब्दही त्यांचाच.

पावसाळ्यात सादळलेले वेफर्स पुन्हा कुरकुरीत होतात का?

होतात. कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता आणि गार झाल्यावर डब्यात भरा. वास खवट येत असेल तर मात्र टाकून द्या, तेल बिघडलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडून अर्धा किलोऐवजी शंभर ग्रॅमच्या पुड्या घ्या. त्याने सादळणंही टळतं आणि खाणंही बेतात राहतं.

तळाशी उरलेला चुरा टाकून द्यायचा का?

टाकू नका. मटकीच्या उसळीवर फरसाणाऐवजी मूठभर घाला, किंवा उपवासाला काकडीच्या कोशिंबिरीवर अगदी वाढताना भुरभुरा. आमच्याकडे चुऱ्याची पिशवी शनिवारी निम्म्या भावात मिळते. सकाळी दहापर्यंत या, त्यानंतर उरत नाही.